तिचा पासष्ट-दोन, माझा झेड-ऐंशी

नलिनी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक लोखंडी ट्रंक, बाजरीच्या पिठाची पिशवी आणि काळ्या मसाल्याचा एक डबा एवढंच सामान होतं. पपांच्या चुलतभावाची ती मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. नगरला कॉलेज संपवून ती दिल्लीत विद्यापीठात पुढचं शिकायला आली होती, आणि होस्टेल मिळेपर्यंत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणार होती. दोन खोल्या, मागे छोटंसं अंगण, आणि आम्ही तिघं. माझ्या खोलीत माझी एकच कॉट होती. तिथे तिच्यासाठी फोल्डिंगची खाट टाकली गेली आणि माझ्या पुस्तकांच्या शेल्फाचा खालचा कप्पा रिकामा करून दिला गेला. तो मी स्वतः रिकामा केला, अगदी आनंदाने केला, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

मी तेव्हा नेहरू प्लेसमधल्या एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर होते. आमच्या ओळखीत कुणालाच हे काम नेमकं काय असतं ते ठाऊक नव्हतं. चर्चमधल्या बायका आईला विचारायच्या, तुमची विजया टायपिंगला आहे ना, आणि आई म्हणायची, नाही हो, त्याच्या वरचं काहीतरी. पपा केंद्र सरकारच्या कचेरीत सेक्शन ऑफिसर. फायली, नोटिंग, तारखा यांत आयुष्य गेलेला शांत माणूस. संध्याकाळी चहा पिताना ते मला रोज एकच प्रश्न विचारत, ‘बस वेळेवर मिळाली का?’ मी हो म्हणे, आणि ते रेडिओ लावत. माझं काम त्यांच्या डोक्यावरून जाणारं आहे असं आम्ही दोघांनीही न बोलता ठरवून टाकलं होतं.

आमच्या कंपनीतली मशिनं ज्या चिपवर चालत तिचं नाव झेड-एटी. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे तीच. मी तिच्यावर मनापासून प्रेम करत होते, दुसरा शब्द मला सुचत नाही. तिच्यात आकडे धरून ठेवायला भरपूर कप्पे होते, वर त्या कप्प्यांचा एक अख्खा जादा संच होता, आणि एकाच आज्ञेत पानंच्या पानं मजकूर इकडून उचलून तिकडे ठेवायची तिची ताकद होती. नलिनीच्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटर लॅबमधलं मशीन दुसऱ्या घराण्यातल्या चिपवर चालायचं, सिक्स्टी-फाइव्ह-ओ-टू. कप्पे म्हणावेत तर तीनच. त्या काळी हे काम करणारे आम्ही थोडेच लोक होतो, आणि ज्याने ज्या चिपवर पहिला प्रोग्रॅम लिहिला तो तिचाच होऊन राहायचा. आमच्या ऑफिसात मुलं ओ-टूवाल्यांना खेळणीवाले म्हणत. तिच्या लॅबमध्ये आम्हाला काय म्हणतात ते नलिनीने पहिल्याच रविवारी सांगितलं: गोदामवाले.

‘तुमच्याकडे सामान फार,’ ती भाकरी थापता थापता म्हणाली. ‘कुठलं कुठे ठेवलंय ते शोधण्यातच वेळ जातो. आमच्याकडे तीन भांडी, पण तिन्ही हाताशी.’

मी म्हटलं की माझी चिप सेकंदाला तिच्या चिपच्या चौपट ठोके टाकते. ती म्हणाली, टाकू दे, पण एकेका कामाला ठोके किती खाते तेही सांग. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला ते फार लागलं. आई मध्येच म्हणाली, काय ते नंतर भांडा, आधी बघ तरी तिची भाकरी कशी टम्म फुगलीय. माझ्या हातची भाकरी कधी फुगली नाही. मी दिल्लीत वाढलेली, मला पोळ्या लाटता येत, तेवढंच. उलथन्याला मी पलटा म्हणत होते. नलिनीच्या तोंडी एकेक शब्द असे यायचे की पपा घास हातात धरून थांबायचे. ती एकदा सहज म्हणाली की संध्याकाळी अंगणात ‘हीव भरतं’, आणि पपा म्हणाले, माझी आजी असंच म्हणायची. त्यांच्या आजीबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आज मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना मला दिसतं की ती काहीच करत नव्हती. ती भाकऱ्या थापत होती, तिच्या भाषेत बोलत होती आणि विचारलं तर उत्तर देत होती. पण रोज घरी परतताना बसमधून उतरले की मी मुद्दाम हळू चालायचे. क्वार्टरच्या जिन्यापाशीच काळ्या मसाल्याचा वास यायचा आणि आतून पपांचं हसणं ऐकू यायचं. पपा हसतात कसे ते आमच्या मजल्यावरच्या लोकांना त्याच हिवाळ्यात कळलं असेल.

मग एका संध्याकाळी मी आत आले तर जेवणाच्या टेबलावर पपा आणि नलिनी शेजारी शेजारी बसले होते. पपांच्या पुढे ऑफिसातली लांब सरकारी वही होती, तिच्यात पट्टीने रकाने आखलेले. पहिल्या रकान्यात पत्ते, दुसऱ्यात आज्ञा, तिसऱ्यात शेरा. नलिनी त्यांना शिकवत होती. तीन कप्पे, ए, एक्स आणि वाय. पपा मला म्हणाले, ‘अगं विजू, हे तर आमच्या नोटिंगसारखंच आहे. एकेक पायरी लिहायची, गाळायची नाही. मला वाटायचं काहीतरी अवघड असेल.’ त्यांनी तिच्या चिपचं नावही मराठीत करून टाकलं होतं, पासष्ट-दोन. मग माझ्याकडे बघून, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, ‘आणि तुझं ते झेड-ऐंशी.’

मी हातपाय धुवायला गेले आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिले. चार वर्षं मी हेच शिकत होते, करत होते. त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आता वाटतं, मी तरी त्यांना कधी सांगायला बसले होते? त्यांना समजणार नाही असं धरून चालण्यात माझाही मान होता. पण त्या वेळी हे सुचलं नाही. त्या वेळी एवढंच दिसलं की माझी जागा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली आहे.

त्यानंतर रोज संध्याकाळी वही निघायची. पपा पट्टी लावून, पेन्सिलीला टोक काढून, दहाऐवजी सोळाचा हातचा धरून बेरजा करायला शिकले. आई भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन शेजारी बसायची आणि सोलून दोघांच्या पुढे टाकायची. मी माझ्या खोलीत दार लोटून वाचत बसे. काय वाचत होते ते सांगते. एका लायब्ररीतून मी पासष्ट-दोनवरच्या परदेशी मासिकांतले लेख झेरॉक्स करून आणले होते, आणि त्या चिपमधल्या उणिवा शोधत होते. पुढच्या वेळी टेबलावर वाद झाला की तिच्या तोंडावर फेकण्यासाठी मला काहीतरी हवं होतं. एका लेखाच्या शेवटी, बारीक अक्षरात, मला ते सापडलं.

ते समजायला कॉम्प्युटर यायची गरज नाही. चिपची स्मरणशक्ती पानांपानांत विभागलेली असते. कधी कधी तिला सांगावं लागतं की अमुक जागी एक पत्ता लिहिलाय, तो वाच आणि तिथे जा. पत्त्याचे भाग दोन, शेजारच्या दोन घरांत लिहिलेले. पहिला भाग जर पानाच्या अगदी शेवटच्या घरात आला, तर दुसरा वाचायला पुढचं पान उलटायला हवं. पासष्ट-दोन ते उलटत नसे. ती त्याच पानाच्या पहिल्या घरात जाऊन तिथे जे असेल ते वाचायची, आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोचायची. चिप बनवणाऱ्यांकडूनच राहून गेलेली चूक होती ती. प्रोग्रॅम लिहिणारा कितीही तपासो, कागदावर त्याला सगळं बरोबरच दिसणार. मला इतका आनंद झाला की मी ती ओळ लाल पेनाने अधोरेखित केली. पण लगेच बोलले नाही. चांगला मोका बघून बोलायचं ठरवलं.

दरम्यान आमच्या मल्होत्रासाहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, एक काम मिळण्याची शक्यता दिसली. बहिऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथल्या मोठ्या बाईंना असं मशीन हवं होतं की मुलाने नागरी अक्षराचं बटण दाबलं की टीव्हीच्या पडद्यावर ते अक्षर उमटावं आणि सोबत त्या अक्षराचं चित्र यावं. मी झेड-ऐंशीवर ते करायला घेतलं. अक्षरं उमटत, पण चित्रं काढताना पडदा थरथरायचा. एका शनिवारी मी डबा विसरले म्हणून पपा तो द्यायला ऑफिसात आले. साहेब त्यांच्यापाशी सहज कुरकुरले की पडदा हलतो, काय करावं. आणि पपा अगदी अभिमानाने म्हणाले, ‘हमारी भतीजी को दिखा दीजिए, वह दूसरी चिप पर काम करती है.’ मी तिथेच उभी होते. आठवड्याभरात नलिनी दुपारच्या वेळी आमच्या ऑफिसात येऊ लागली. साहेबांनी जाहीर केलं की दोघींनी आपापलं मशीन बनवावं, शाळेत दोन्ही दाखवू, त्यांना हवं ते निवडू देत.

आता घरात टेबलावर तिचं मशीन मांडलं गेलं. उघडा बोर्ड, वायरी, आमचाच ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला पपांचा कॅसेट प्लेअर. कॅसेटमधून प्रोग्रॅम मशीनमध्ये जाताना असा किंचाळता आवाज यायचा की पहिल्या दिवशी आईने भजनांची कॅसेट बिघडली म्हणून कपाळाला हात लावला. चित्रं सुरेख होती. अ अननसाचा, क कबुतराचा, आणि कबुतर चक्क मान हलवायचं. पडदा जराही हलत नव्हता. प्रत्येक अक्षरासाठी पुढे कुठे जायचं त्याच्या पत्त्यांची एक लांब यादी होती, आणि त्या यादीच्या सगळ्या बेरजा पपांनी वहीत केल्या होत्या. माझंही मशीन तोवर ठीक झालं होतं. पडद्याची थरथर मी घालवली होती, चित्रं मात्र जागच्या जागी राहायची.

शाळेत शुक्रवारी जायचं होतं. बुधवारी नलिनीने यादीच्या आधी कुठेतरी एक लहानशी भर घातली आणि सगळी यादी एका घराने पुढे सरकली. नवे छापील कागद टेबलावर पडले होते, पपांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. मी चहाचा कप ठेवायला म्हणून गेले आणि माझी नजर थेट तिथे गेली. ढ या अक्षराच्या पत्त्याचा पहिला भाग पानाच्या शेवटच्या घरात येऊन बसला होता. बाकी सगळी अक्षरं सुरळीत चालणार होती. ढ दाबला की मशीन भरकटणार होतं. आणि ढ कोण दाबणार, म्हणून नलिनीने भर घातल्यावर सगळी अक्षरं पुन्हा तपासली नव्हती, नेहमीची वीसेक तेवढी तपासली होती.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. म्हणाली, ‘विजूताई, तू एकदा नजर टाक ना. तुझ्या नजरेला चुका लगेच दिसतात.’

मी कागद हातात घेतला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, ‘ठीक आहे.’

एवढंच म्हणाले. आज इतकी वर्षं झाली, त्या दोन शब्दांना मी निरनिराळे अर्थ देऊन पाहिले. तिची परीक्षा होती, काम माझ्या कंपनीचं होतं, उद्या सांगू म्हटलं आणि राहून गेलं. गुरुवारी खरंच दोनदा जिभेवर आलं होतं. एकदा सकाळी बसस्टॉपवर, आणि एकदा पपा तिला म्हणत होते की नलू, मी शुक्रवारची अर्धी रजा टाकलीय, तुझं मशीन बघायला येतो, तेव्हा. माझ्या मशीनचं नाव त्यांनी नंतर घेतलं. ‘दोघींचं,’ असं दुरुस्त केलं. मी तोंड मिटून घेतलं.

शाळेचा हॉल थंड होता, उंच छताचा. मुलं सतरंजीवर ओळीत बसली होती, प्रत्येकाच्या छातीवर कानाच्या यंत्राची पेटी अडकवलेली. आधी माझं मशीन झालं. मुलांनी शिस्तीत एकेक बटण दाबलं, अक्षर आलं, चित्र आलं, मोठ्या बाईंनी मान डोलावली. मग नलिनीचं. कबुतराने मान हलवली आणि ओळ मोडली. सगळी मुलं उठून टेबलाभोवती गोळा झाली. त्यांच्या हसण्याचे निरनिराळे आवाज त्या हॉलमध्ये भरून गेले, आणि मागच्या खुर्चीत बसलेले पपाही हसत होते.

फरीदा नावाची आठेक वर्षांची एक मुलगी बराच वेळ कीबोर्ड न्याहाळत होती. तिच्या बाईंनी आम्हाला सांगितलं की हिला ढोलक फार आवडतो. ऐकू येत नाही, पण कुणी वाजवला की ही जमिनीवर तळहात टेकून बसते. फरीदाला अक्षर सापडलं. तिने एक बोट उचललं, नलिनीकडे पाहून परवानगी घेतली आणि ढ दाबला.

पडदा रेघारेघांनी भरला, मग सगळं काळं झालं. फरीदाने पडद्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. ऐकू न येणारं मूल चेहरे कसं वाचतं ते मी तेव्हा पाहिलं. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि स्वेटरच्या आत लपवले. बाई तिच्यापुढे बसून खुणांनी समजावत होत्या की तू काही केलं नाहीस. तिने बाईंकडे पाहिलंच नाही. नलिनी पुन्हा कॅसेट लावून प्रोग्रॅम भरायला लागली, पण त्याला काही मिनिटं लागत, आणि मुलांची जेवणाची वेळ झाली होती. मल्होत्रासाहेब माझ्या कानाशी म्हणाले, ‘चलो, फैसला हो गया.’ माझ्या झेड-ऐंशीची सहा मशिनं घ्यायचं शाळेने ठरवलं.

परतीच्या बसमध्ये नलिनी खिडकीशी बसली होती आणि पपा तिच्या शेजारी. मी पुढच्या सीटवर. मी जिंकले होते आणि मागे वळून पाहण्याची मला हिंमत नव्हती.

शनिवारभर दोघांनी कागद तपासले. ढ दाबला की दर वेळी तेच व्हायचं, आणि कागदावर दर वेळी सगळं बरोबर. रविवारी चर्चहून आल्यावर आईने मटण शिजत टाकलं, नलिनी न्हायला गेली, आणि पपा मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून वही घेऊन बसले. मी वाळलेले कपडे काढत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मला वाटतं विजू, चूक माझीच आहे. बेरजा मी केल्यात. कुठेतरी हातचा राहिला असणार. तिला कळलं असेल, पण ती म्हातारा माणूस म्हणून बोलत नाही.’ आणि त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून पुन्हा पहिल्यापासून बेरजा करायला सुरुवात केली. पेन्सिलीचं टोक प्रत्येक आकड्यावर क्षणभर थांबायचं.

मी कपडे तसेच दोरीवर टाकले. खोलीतून तो लाल रेघेचा कागद आणला आणि त्यांच्या वहीवर ठेवला. ढच्या पत्त्यावर बोट ठेवून सांगितलं की बेरजा बरोबर आहेत, चिप इथे पान उलटत नाही.

पपांनी ते सावकाश वाचलं. त्यांना ते समजलं, अगदी नीट समजलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी विचारलं, ‘तुला हे कधी कळलं?’

‘बुधवारी.’

‘तिने तुला दाखवलं होतं.’

‘हो.’

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. आतून कुकरची शिट्टी झाली, शेजारच्या अंगणात कुणीतरी रजई काठीने झोडपत होतं. मग ते म्हणाले, ‘राग माझ्यावर होता ना तुझा? मग माझ्यावर काढायचास.’ मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला त्या वेळी सोसलं नसतं. ते म्हणाले, ‘जा, तिला सांग. मी सांगणार नाही.’

नलिनी खोलीत केस पुसत होती. मी कागद दिला. ती उभ्या उभ्या वाचत गेली आणि तिचा चेहरा उजळला. चूक तिची नव्हती, काकांची नव्हती. ती म्हणाली, बघ, मला वाटतच होतं, आणि धावत जाऊन छापील कागद आणून तिने पत्ता पडताळून पाहिला. मग तिला लाल रेघ दिसली, आणि झेरॉक्सच्या कोपऱ्यात मी माझ्या सवयीने टाकलेली तारीख दिसली. टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला.

‘तू पाहिलंस म्हणजे झालं, असं धरून चालले होते मी,’ ती म्हणाली. आणि मग, ‘त्या पोरीने हात कसे आत घेतले, ते तू पाहिलंस ना?’

मी हो म्हणाले. त्याच आठवड्यात ती मुनिरकात लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. आईला कारण कुणीच सांगितलं नाही. तिने उरलेला मसाला, चिवडा, एक जुनी रजई असं सगळं बांधून दिलं आणि मला म्हणाली, एवढं चांगलं चाललं होतं, काय झालं गं? सोमवारी मी मल्होत्रासाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते रागावतील. ते म्हणाले, अरे भई, चिप का बग है, इसमें तुम्हारा क्या, और डिलिवरी कब दे रही हो? पपा पूर्वीसारखेच बसचं विचारत. वही कपाटात गेली.

मशिनं शाळेत बसवली. दर शनिवारी मी ती बघायला जात असे. सगळी मुलं ती वापरत होती. फरीदा हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसायची. बाई म्हणाल्या, आता ही विजेच्या बटणालाही हात लावत नाही, दिवा लावायचा असला तरी दुसऱ्या मुलीला खुणावते. मी तिच्याजवळ बसले, चॉकलेट नेलं, माझ्या मशीनवरचं ढोलकाचं चित्र दाखवलं. तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. पहिल्या दिवशी तिने माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं होतं, मला ठाऊक नाही. बाकी सगळे दचकले होते. मी एकटी दचकले नव्हते.

चौथ्या शनिवारी सकाळी मी मुनिरकाला गेले. अरुंद गल्ली, म्हशी बांधलेल्या, तीन मजले उभा जिना. नलिनीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्यातच फरीदाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मी माफी मागायला आलेय असं तिला वाटलं असावं, आणि मी ती मागितलीही, पण ती तिने बाजूलाच ठेवली. फरीदाचं ऐकून मात्र तिने विचारलं, ‘तुझं मशीन मुद्दाम बिघडवता येईल? एक बटण दाबलं की सगळं भरकटायला हवं, आणि बंद करून चालू केलं की लगेच नीट.’

मी म्हटलं, येईल. मशीन कधीच अडकू नये म्हणून मी दोन महिने खपले होते. आता ते ढ दाबल्यावर अडकावं म्हणून मी आठवडाभर बसून प्रोग्रॅम साठवायची एक वेगळी चिप भरून तयार केली. झेड-ऐंशीची ती पानंच्या पानं उचलायची आज्ञा त्यात कामाला आली. पडदा कचऱ्याने भरायला तिच्याइतकं दुसरं काही वेगवान नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो, बसमध्ये न बोलता. नलिनी फरीदाच्या शेजारी सतरंजीवर बसली, मशीन पुढे ओढलं आणि स्वतःच ढ दाबला. पडद्यावर रेघा नाचल्या, मग अंधार. नलिनीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, डोळे मोठे केले, आणि खो खो हसली. मला खूण केली. मी भिंतीवरचा स्विच बंद करून चालू केला, आणि अ अननसाचा पुन्हा हजर झाला. तिने परत ढ दाबला. मी परत चालू केलं. तिसऱ्या वेळी फरीदा पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होती. पाचव्या की सहाव्या वेळी स्वेटरच्या बाहीतून एक बोट बाहेर आलं, नलिनीच्या बोटाला ढकलून बाजूला सारलं, आणि त्याने ढ दाबला.

ती हसायला लागली तेव्हा तिचं डोकं नलिनीच्या खांद्यावर होतं. बाई डोळे पुसत होत्या. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण मी खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते की भिंतीपाशी उभी असताना मला नलिनीचा हेवा वाटला, पहिल्याइतकाच, किंवा थोडा जास्तच. तिला हे कुणी शिकवलं होतं, आणि मला का सुचलं नाही? फरीदाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि अधीरपणे स्विचकडे हात हलवला. नलिनीनेही वर पाहिलं. मुनिरकाच्या जिन्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, ‘विजूताई, लाव ना गं लवकर.’

मी स्विच लावला.